गुरुवारच्या पाळीतल्या काकांना

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

आभार मानायला फोन केला, तर तुम्ही ‘बरं बरं, गुडघ्याला शेक देतोय, ठेव आता’ म्हणून फोन ठेवलात. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही, एवढी सूट तुम्हाला.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आपल्याकडे जुनी पुस्तकं रद्दीवाला काट्यावर तोलून नेतो आणि वर चार पैसे देतो. इंग्लंडात लोक ती पिशव्या भरभरून फुकट आणून देतात, दुकानातले स्वयंसेवक निवडून, किंमत घालून विकतात आणि पैसा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅम या मदतसंस्थेची अशी खास पुस्तकांची दुकानं आहेत, आपलं दुकान त्यातलंच एक. त्यातलं पहिलं १९८७ साली ऑक्सफर्डला सेंट जाइल्स रस्त्यावर निघालं. संस्था मात्र १९४२ची, युद्धात उपाशी पडलेल्या ग्रीसला अन्न पोचावं म्हणून ऑक्सफर्डमधल्या काही मंडळींनी काढलेली. १९५१ साली बिहारात अन्नटंचाई झाली तेव्हा तिने तिकडेही मदत पाठवली. हे मला तुम्हीच सांगितलंत. मी जरा भारावले, तशी लगेच म्हणालात, ‘उपकार फेडायचे वगैरे डोक्यात घेऊ नकोस. घरी बसलो की ही ओरडते, म्हणून मी येतो.’

ओळख झाली ती तुमच्या पुटपुटण्यामुळे. मी गिऱ्हाईक म्हणून आले होते. इकडे नवीन होते, कामाचं काही जमलेलं नव्हतं, आणि फुकटात बसू देणारी दुकानं हुडकत फिरायचे. तुम्ही कोपऱ्यात पुस्तकांच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने किमती टाकत होता आणि तोंडाने चाललं होतं : ‘अडीच... अडीच... हे साडेतीन.’ माणूस चाळीस वर्षं परदेशात राहिला तरी हिशेब मराठीतच करतो, हे तेव्हा कळलं. मी ‘काका, तुम्ही कुठले?’ विचारलं, तर उत्तराऐवजी प्रश्न आला : ‘गुरुवारी दुपारी काय करतेस?’

मागच्या खोलीतलं तुमचं शिक्षण मात्र मला जड गेलं. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचा, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुढे पुस्तकं मांडायची, असं माझं लहानपण. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी एक निळं खोकं पुढ्यात सरकवलंत : ‘यात टाकायची.’ ही कागदाच्या कारखान्यात लगद्याला जाणार, हे ऐकून माझा हात उचलेना. तुम्ही समजूत घातली नाहीत. एक पुस्तक उघडून शिवणीपाशी नाक लावायला सांगितलंत. ओल्या तळघराचा वास. ‘बुरशी आहे. दयेने फळीवर ठेवलंस, तर शेजारची दहा पुस्तकं याच्या पाठोपाठ जातील.’ मग पंचवीस वर्षांपूर्वीचं औषधांच्या मात्रांचं पुस्तक दाखवलंत. ते कुणाच्या हाती देणं हे पुण्य नव्हे, एवढंच बोललात. जुने प्रवासमार्गदर्शक, रद्द झालेल्या कायद्यांवरची टीपणं, पंचवीस खंडांचे ज्ञानकोश, सगळे त्याच खोक्यात. ज्ञानकोश पाहून माझा जीव तुटायचा. तुमचा नाही.

तेव्हापासून माझं एक मत झालंय, तुम्हाला पटो न पटो. पुष्कळ माणसं पुस्तकं दान करत नाहीत. त्यांना स्वतःला फेकवत नाहीत म्हणून ते काम आपल्या गळ्यात घालतात. वेल्समध्ये स्वॉन्सीच्या ऑक्सफॅममध्ये २०१६ साली एका गाजलेल्या कादंबरीच्या इतक्या प्रती आल्या, की तिथल्या लोकांनी त्यांचा चक्क किल्ला रचला आणि ‘कृपा करून ही आता आणू नका’ म्हणून सांगितलं. दिवाळीत मातीऐवजी पुस्तकांचा किल्ला! तुम्ही हे सांगताना इतके हसलात, की पुढून मॅनेजरबाई डोकावून गेल्या.

टाकायचं शिकवलंत तसं राखायचंही. कॉपीराइटच्या पानावर तळाशी आकड्यांची ओळ असते. तिच्यात १ शिल्लक असेल तर बहुतेक वेळा ती पहिली छपाई. आपल्याकडे ‘प्रथमावृत्ती’ असं सरळ छापतात, त्यामुळे ही ओळ मी आजवर नजरेआडच करत आले होते. पेंग्विन प्रकाशनाची जुनी पुस्तकंही तुम्हीच ओळखायला शिकवलीत : नारिंगी मुखपृष्ठ म्हणजे कादंबरी, हिरवं म्हणजे गुन्हेकथा. त्यांच्यावर अनुक्रमांक असतात आणि नेमका हवा तो क्रमांक शोधत हिंडणारे लोक असतात. असा एखादा आला की तुम्ही त्याच्याशी तास तास बोलायचात आणि गल्ल्यावर मी एकटी!

गल्ल्याचंही सांगितलंच पाहिजे. मला यंत्राची भीती नव्हती, माणसांच्या बोलण्याची होती. स्कॉटिश आजोबा काहीतरी विचारायचे आणि मी नुसती मान डोलवायची. तुम्ही शेजारी उभे राहायचात, पण मध्ये पडायचा नाहीत. पुस्तकं देणाऱ्याला ‘तुम्ही इथे कर भरता का?’ हे विचारताना तर माझी जीभच वळायची नाही. परक्या माणसाला कराचं कसं विचारायचं? पण देणाऱ्याने हो म्हणून अर्ज भरला, तर ‘गिफ्ट एड’खाली त्याच्या पुस्तकांच्या विक्रीवर पाउंडामागे २५ पेन्स सरकारकडून संस्थेला जास्तीचे मिळतात. तुमचा सल्ला : भाजीवाला ‘कोथिंबीर देऊ?’ विचारतो, त्याच सुरात विचार. तसंच विचारते अजून. कुणी रागावलेलं नाही.

आणि आता ते खोकं. एका घरातून आलेलं. आजी गेल्या होत्या, मुलांना मराठी वाचता येत नव्हतं. वर सत्तर-ऐंशीच्या दशकातले दिवाळी अंक, खाली कथासंग्रह, पाककृती, ज्ञानेश्वरी. कित्येकांवर आतून नाव आणि ‘सप्रेम भेट’. दुकानात दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या लिपीतल्या पुस्तकांची वाट ठरलेली असते. मला वाटलं, तुम्ही हळवे व्हाल. तुम्ही चष्मा लावून नेहमीसारखे वास घेत बसलात. भिजलेले अंक निळ्या खोक्यात गेले, माझ्या देखत, आणि मी काही बोलले नाही. उरलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी तुम्ही चिठ्ठी लिहिलीत, इंग्रजीत : लेखक कोण, विषय काय, कुणाला आवडेल. म्हणजे तुमची-माझी पाळी नसतानाही गल्ल्यावरच्या माणसाला चार शब्द सांगता यावेत. ज्ञानेश्वरीच्या चिठ्ठीवर ‘तेराव्या शतकातली, लेखक ऐन तारुण्यातला’ एवढंच होतं. ती पंधरवड्यात गेली. दिवाळी अंक कोण घेतंय असं मी म्हणत होते, तर एका मुलीने सगळे नेले. तिला वाचता येत नव्हतं, आजोबांना नेऊन देणार होती.

काका, इकडे आल्यावर मला पुष्कळांनी ‘काही लागलं तर सांग’ म्हटलं. तुम्ही काही लागतं का विचारलंच नाहीत, थेट काम दिलंत. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘इथला अनुभव काय?’ विचारल्यावर मी दुकानाचं सांगितलं आणि संदर्भासाठी मॅनेजरबाईंचं नाव दिलं. नोकरी लागली. गुरुवारी दुपारी सुट्टी मागून घेतली आहे, ती पाळी आता माझ्या नावावर आहे.

काकूंना नमस्कार सांगा. आणि एक काम आहे. काल गुजराती पुस्तकांची दोन खोकी आली आहेत, कोरडी, चांगल्या स्थितीतली. तुमच्या ओळखीचे ते अहमदाबादचे गृहस्थ गुजराती वाचतात ना? त्यांना गुरुवारी दोन वाजता पाठवता येईल का? चिठ्ठ्यांचे कागद मी कापून ठेवते.

आपली,
गुरुवारची