घर नऊ माणसांचं, नोंद तिघांची

माननीय संपादक,

गावांची ओळख करून देणाऱ्या तुमच्या सदरात काल आमच्या गावाचा नंबर लागला. आनंद झाला, पण चहा निवेपर्यंतच टिकला. आमच्याकडे ‘दर घरी माणसं कमी, म्हणजे कुटुंबनियोजन चांगलं रुजलं’ हा शोध तुमच्या प्रतिनिधीनं कुठे बसून लावला, ते कळलं तर बरं होईल.

2011च्या जनगणनेत या गावाचा प्रगणक, म्हणजे घरोघरी माणसं मोजणारा, मीच होतो. शिक्षकाला असली कामं चुकत नाहीत. मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी, आणि फेब्रुवारीत आमचं निम्मं गाव ऊसतोडीला. एका म्हातारीला विचारलं, घरात माणसं किती? तिनं बोटांवर मोजत नऊ सांगितली. ओट्यावर ती स्वतः आणि दोन नातवंडं. बाकीचे दिवाळी झाली की मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रकमधून गेलेले. नियम असा की त्या वीस दिवसांत जो एकदाही घरी नाही, त्याची मोजणी तो असेल तिथं. मी तीन लिहिले. ती कागदाकडे बघत म्हणाली, “गुरुजी, बाकीचे काय मेले का?” तिकडं त्यांची नोंद होईल, असं मी छातीठोक सांगून टाकलं. पाडवा उलटल्यावर तिचा मुलगा पारावर भेटला. कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या त्यांच्या झोपडीवर, कुणी मोजायला आलं होतं का, विचारलं. “आमी पहाटंच फडात, गुरुजी. अंधार पडल्यावर माघारी. कुणी आलंबी आसंल.” म्हणजे ती सहा माणसं तिकडं तरी धरली गेली की नाही, देव जाणे. इथं मात्र घर तिघांचं झालं आणि चौदा-पंधरा वर्षांनी तुम्ही त्याला कुटुंबनियोजनाचं बक्षीस दिलंत!

सगळेच आकडे खोटे, असं माझं म्हणणं नाही. त्याच जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली निघाल्या. तो आकडा आम्हाला खाली मान घालायला लावणारा आहे आणि तो तुम्ही खुशाल छापा. नेमका तोच कालच्या लेखात नव्हता.

साक्षरतेचं तर विचारूच नका. जनगणनेत साक्षरता सात वर्षांपासून पुढच्यांची धरतात. तुमच्या प्रतिनिधीनं एकूण लोकसंख्येनं भागाकार केला, म्हणजे पाळण्यातली पोरंही निरक्षर ठरवली. चौथीच्या पोरानं हे गणित केलं असतं तर मी वही परत दिली असती.

आता 2027ची जनगणना आली आहे. संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात तो, पुन्हा 1 मार्च; म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, साखर कारखान्यांच्या ऐन गाळपात. मी निवृत्त, त्यामुळे यंदा दुसरं कुणीतरी जाईल. कोपीवर माणूस रात्री आठनंतरच भेटतो, एवढं तरी त्यांना कुणी सांगेल का? तुमच्या पेपरात त्यावर दोन ओळी येऊ द्या. जातींची मोजणी यावेळी होणार म्हणून रोज अर्धं पान भरतंय, त्यात तेवढी जागा निघेल.

आणि लेखासोबतचा फोटो आमच्या गावाचा नाही. आमच्या मारुतीच्या देवळाला अजून कळस चढायचा आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. धारूर, जि. बीड