रिव्हर्स टाकून बघितल्याशिवाय गाडी गिऱ्हाईकाला देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोलीचा गॅरेजवाला. पेपरात पत्र पहिल्यांदाच लिहितोय, पण गेल्या आठवड्यात फेरीबोटीच्या धक्क्यावर जे बघितलं ते काही केल्या डोक्यातून जात नाहीय. एक मालवाहू रिक्षा, आत नारळाची पोती, ड्रायव्हर रिव्हर्सचा दांडा ओढतोय आणि गाडी जागची हलत नाही, मागे उतार, उताराखाली पाणी, आणि वर तीन गाड्या हॉर्न मारतायत. शेवटी आम्ही सात-आठ जणांनी ढकलून ती बाजूला काढली. त्याला विचारलं तर म्हणाला, कालच गिअरबॉक्सचं काम करून आणलीय, गॅरेजवाल्याने पुढे चालवून दाखवली, मस्त पळाली. पुढे चालवून दाखवली! मागे कोण बघणार?

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवायला लिहीत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलीय, आणि तीसुद्धा बर्फात.

आमच्याकडे मी जेटस्की दुरुस्त करायचो, कळंगुट-बागाच्या बाजूची बरीच कामं यायची. माझा मेव्हणा गुलमर्गला हॉटेलात होता, त्याच्या ओळखीने मी दोन हिवाळे तिथे स्नोमोबाईलच्या कामाला गेलो. टुरिस्टना बर्फावर फिरवतात ती मशीन, पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, त्याला तिथे ट्रॅक म्हणतात. २०० किलोच्या वर वजन. डोंगरात असं मशीन मऊ बर्फात रुतलं की हाताने मागे ओढणं सोपं नाही, तिथे रिव्हर्स म्हणजे जीव.

इंजिनाची ताकद ट्रॅकपर्यंत जाते ती बाजूच्या एका बंद डब्यातून, त्याला चेनकेस म्हणतात. वर एक स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चाक, खाली एक, मधे रुंद चेन आणि तेल. तेल जेमतेम पाव-अर्धा लिटर, पण बर्फात दिवसभर तापून रात्री गार पडलं की आत ओल धरते आणि तेल दुधासारखं पांढरट होतं, म्हणून ते वेळच्या वेळी बदलायचं, चेनचा ताण बघायचा, ड्रेन प्लगच्या चुंबकाला किती लोखंडाचा चुरा लागलाय ते बघायचं. इथपर्यंत कुठल्याही बाईकवाल्या पोराला जमेल.

पण ज्या मशीनमधे रिव्हर्स याच डब्यात असतो तिथे खरी गंमत आहे. चेनने जोडलेली दोन चाकं एकाच दिशेला फिरतात, पण दाते दात्यात घातले की दुसरं चाक उलटं फिरतं, बस, रिव्हर्स म्हणजे एवढंच. दांडा ओढला की एक सरकणारा तुकडा चेनचं काम सोडतो आणि गिअरचं काम धरतो. त्याला सरकवणारा असतो फोर्क, दोन बोटांसारखा, तो त्या तुकड्याच्या खाचेत बसलेला असतो. डबा उघडताना फोर्क खाचेतून कधी निघतो कळतही नाही, आणि कव्हर परत लावताना तो आत दिसत नाही, हाताला जाणवला पाहिजे. खाचेच्या बाहेर राहिला तरी कव्हर कधी कधी बसतं, बोल्ट आवळले जातात, मशीन पुढे झकास जातं, आणि दांडा ओढला की नुसता हवेत हलतो. नाहीतर अर्धवट बसतो आणि दाते कर्रर्र करत एकमेकांना खातात.

माझं नेमकं हेच झालं. उणे तापमान, बोटं बधीर, संध्याकाळ झालेली, मालक घाई करत होता, मी कव्हर लावलं, तेल भरलं, मशीन पुढे दोनशे फूट पळवलं आणि दिलं. दुसऱ्या दिवशी एक बाई आणि तिचा लहान मुलगा बसलेले असताना ते मशीन एका घळीच्या तोंडाशी जाऊन थांबलं, चालवणारा पोरगा हुशार म्हणून दोघांना आधी खाली उतरवलं त्याने, मग दोर लावून मशीन मागे ओढलं. मला कोणी ओरडलं नाही. पण त्या रात्री झोप आली नाही, आणि त्यानंतर मी माझी पद्धत बदलली.

उघडायच्या आधी मोबाईलवर फोटो, दांडा पुढे असताना एक आणि मागे असताना एक. वॉशर आणि शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडायचे, ढीग करायचा नाही. कव्हर लावायच्या आधी दांडा हळू हलवून फोर्क तुकड्याला नेतोय का ते बोटाने बघायचं, आणि कव्हर लावल्यावर परत एकदा, कारण दांड्याची सळी थोडी जरी लांब-आखूड राहिली तरी गिअर अर्ध्यात अडकतो. चेनचा ॲडजस्टर मी ज्या मशीनवर काम केलं तिथे हाताने आवळून पाव फेरा मागे घ्यायचा आणि लॉकनट टाकायचं असं होतं, तुमच्या मशीनला कंपनीचं पुस्तक काय म्हणतं ते बघा. मग मागचा भाग स्टँडवर उचलून ट्रॅक पुढे-मागे फिरवायचा, आणि शेवटी बर्फावर, दोन माणसं बसवून, मशीन पूर्ण थांबवून, इंजिन सावकाश ठेवून रिव्हर्स घ्यायचा. वजनाशिवाय घेतलेला रिव्हर्स म्हणजे टेस्ट नव्हे.

काही टू-स्ट्रोक मशीनना दांडाच नसतो, बटण असतं. ते दाबलं की इंजिन बंद पडायच्या बेताला येईपर्यंत मंद होतं आणि नेमक्या क्षणी लवकर ठिणगी पडून पिस्टन वर पोचायच्या आधीच मागे ढकलला जातो, अख्खं इंजिनच उलटं चालतं. त्यात चेनची सैल बाजू ताणली जाते, म्हणून तिथे चेन ढिली ठेवून चालत नाही. बघायला गेलात तर तिथेही चेनकेसचं काम आणि रिव्हर्स वेगळे नाहीतच.

आता आपल्याकडे बर्फ नाही हे मलाही ठाऊक आहे. पण गल्ली अरुंद, चढ-उतार लाल मातीचे, पावसात निसरडे, आणि फेरीबोटीवर गाडी चढवता-उतरवताना रिव्हर्स घ्यावाच लागतो. सांगलीजवळ हरिपूरला रिक्षा उलट्या पळवायची शर्यत होते, त्या पोरांचं मला कौतुक वाटतं, निदान त्यांना आपला रिव्हर्स चालतो की नाही हे तरी पक्कं माहीत असतं.

माझं मागणं साधं आहे. गॅरेजवाल्यांनी गिअरचं, चेनचं, डिफरन्शियलचं कुठलंही काम केलं की बिलावर "रिव्हर्स वजनासह चालवून बघितला" असं एक वाक्य लिहावं आणि सही करावी. गिऱ्हाईकाने ते वाक्य नसेल तर बिल घेऊ नये, आणि स्वतः समोर उभं राहून मागे घेऊन बघावी. आणि आयटीआयवाल्यांनी प्रॅक्टिकलला पोरांकडून गिअरबॉक्स नुसता खोलून जोडून घेऊ नये, जोडल्यावर तो उलटा फिरवून दाखवल्याशिवाय मार्क देऊ नयेत.

शिकवायला माणूस नसेल तर मी येतो. गुलमर्गहून येताना भंगारातला एक चेनकेस आणलाय, फोर्क-खाच सगळं आहे त्यात, पोरांना हाताने बसवता येईल. आयटीआयच्या सरांनी विचारलं तर माझा फोन नंबर संपादकांकडे आहे. शनिवारी दुपारनंतर गॅरेज बंद असतं.

आपला,
एक गॅरेजवाला, डिचोली