परीक्षणात दोन ओळी गोळ्या सोडणाऱ्यांसाठीही हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मनोरंजनाच्या पानावर एखाद्या चित्रपटापुढे ‘हलकाफुलका’ किंवा ‘सहकुटुंब पाहावा असा’ असे लिहिलेले असते. बहुतेकांना तेवढे पुरते. नैराश्याच्या, चिंतेच्या किंवा झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करणाऱ्या माणसाला मात्र ते पुरत नाही. दिवसातले अवघड तास कसेबसे सरावेत म्हणून तो टीव्हीसमोर बसतो आणि नेमका तो हलकाफुलका चित्रपटच त्याच्या अंगावर येतो. कथा निरुपद्रवी असली तरी या दिवसांत उजेड, आवाज आणि कॅमेऱ्याची हालचाल यांचाही त्रास होतो. त्याबद्दल परीक्षणात एक अक्षर नसते.

औषधाला सरावलेल्या मज्जासंस्थेला त्याच्याशिवाय चालायची सवय व्हायला वेळ लागतो. तोवर उजेड डोळ्यांत खुपतो, भांडे पडले तरी छातीत धस्स होते, गरगरते, मळमळते, साध्याशा प्रसंगाला रडू फुटते. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी करताना डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखा झटका येतो आणि अनेकांना तो नजर डावीउजवीकडे फिरवताना येतो. म्हणूनच ‘शांत आहे’ असे ऐकून परक्या भाषेतला चित्रपट सबटायटल्ससह लावणे ही अगदी नेहमीची चूक. प्रत्येक वाक्याला नजर खाली जाते, डावीकडून उजवीकडे धावते, पुन्हा वर येते. दीड तासात हे शेकडो वेळा होते. अशा दिवशी आपल्या भाषेतले किंवा डब केलेलेच पाहावे. टेनिसचा सामनाही याच कारणासाठी नको. काय पाहायचे ते शोधत मोबाइलवर बोट सरकवत बसण्यानेही गरगरते, शेवटी वर सरकत जाणाऱ्या नामावलीनेसुद्धा.

म्हणून यादी आधी करावी, डोस कमी करण्यापूर्वी, डोके ठिकाणावर असताना. दहा-बारा नावे पुरेत, तीही कागदावर, मोठ्या अक्षरांत. प्रत्येक औषध शरीरातून वेगळ्या वेगाने जाते. नैराश्यावरचे व्हेनलाफॅक्सिन काही तासांत उतरते, त्यामुळे एक डोस चुकला तरी त्याच दिवशी जाणवू शकतो. नैराश्यावरचेच फ्लुऑक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, म्हणून त्रासही उशिरा डोके वर काढतो आणि तोवर माणूस बेसावध झालेला असतो. शिवाय त्रास सुरुवातीलाच होतो असेही नाही. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले की डोस लहान होत जातो तसा प्रत्येक मिलिग्रॅमचा मेंदूवरचा परिणाम वाढत जातो. शेवटच्या पायऱ्या बारीक ठेवायच्या त्या यासाठीच. यादीही शेवटपर्यंत जपून ठेवावी. सुरुवातीलाच सगळी संपवून बसलेल्यांचे खरे हाल शेवटी होतात.

यादीत आधी पाहिलेलेच जास्त असावे. पुढे काय होणार हे माहीत असले की मन सतत दबा धरून बसत नाही आणि मध्ये दहा मिनिटे डोळा लागला तरी धागा तुटत नाही. एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. आयुष्यात सर्वांत लाडका असलेला चित्रपट या काळात लावू नका. मळमळीच्या आठवणीशी तो एकदा जोडला गेला की पुढे बरे वाटल्यावरही नकोसा होतो. आवडीच्या दुसऱ्या फळीतले निवडा. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटांचा भाग पुरे, कारण त्यापुढे लक्ष टिकत नाही आणि आपल्याला साधे पाहणेही जमेना, ही खंत वर येते.

उदाहरणे जवळून पाहू. जपानी अ‍ॅनिमेशनपट ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) शहाऐंशी मिनिटांचा, खलनायक नसलेला. सौम्य म्हणून तो सर्रास सुचवला जातो आणि आहेही तसाच. पण त्यातल्या दोन बहिणींची आई इस्पितळात आहे आणि शेवटाकडे धाकटी हरवते. तळ्यात लहान मुलाची चप्पल सापडते, गावकरी पाण्यात शोध घेऊ लागतात. ती चप्पल तिची नसते आणि सगळे नीट होते. हे आधी सांगून ठेवले तर माणूस तो प्रसंग निभावतो; न सांगता समोर आला तर संध्याकाळ हातची जाते. ‘अप’ (२००९) मुलांचा, रंगीबेरंगी फुग्यांचा. त्यात सुरुवातीच्या काही मिनिटांतच नायकाच्या पत्नीचा मृत्यू येतो. रडू आधीच काठावर असलेल्या माणसाला त्याची कल्पना हवी.

अमेरिकी चित्रकार बॉब रॉस यांचा ‘जॉय ऑफ पेंटिंग’ हा चित्र काढून दाखवण्याचा कार्यक्रम (१९८३ ते १९९४, एकूण ४०३ भाग) या कामासाठी जवळपास मापाचा आहे. अर्ध्या तासाच्या आत संपणारा भाग, काळी पार्श्वभूमी, एकच कॅनव्हास, ठाय लयीतला आवाज, आणि शेवटी चित्र पूर्ण होणार याची खात्री. तिथेही एक खाच आहे. ब्रश धुतल्यावर रॉस तो कॅनव्हासच्या स्टँडच्या पायावर फटाफट आपटतात. आवाज सोसत नसेल तर त्या क्षणी दचकायला होते, तेव्हा आवाज कमीच ठेवावा. नॉर्वेच्या एनआरके वाहिनीने २००९ मध्ये बर्गनच्या रेल्वेचा सात तासांहून मोठा प्रवास दाखवला. असे संथ कार्यक्रम अस्वस्थपणे येरझारा घालणाऱ्यांना बरे, कारण मधूनच पाहिले तरी काही चुकत नाही. ज्यांना गरगरते त्यांनी मात्र ते टाळावे. कॅमेरा सतत पुढे जातो आणि बोगद्याच्या तोंडाशी अंधार-उजेड एकदम पालटतो. त्यांच्यासाठी एका जागी ठेवलेला कॅमेरा चांगला.

काय नको, तेही स्पष्टच सांगायला हवे. निसर्गपट शांत वाटतात, पण शिकारीच्या प्रसंगी ढोल वाजू लागतात. त्यापेक्षा झाडे, नद्या, समुद्रतळ यांवरचे निवडावेत. कुणाची फजिती करून हसवणारे विनोदी कार्यक्रम घालमेल वाढवतात, ध्वनिमुद्रित हशाचा कर्कश गडगडाट वेगळाच. इस्पितळावरच्या मालिका आणि व्यसनमुक्तीच्या कथा तूर्त बाजूला ठेवाव्यात. भोवतालचे जग खोटे वाटू लागणे हेही या काळातले एक लक्षण आहे. ज्यांना ते होते त्यांनी स्वप्नात स्वप्न, भास की सत्य अशा धाटणीचे चित्रपट मुळीच पाहू नयेत.

लखलखाटाबद्दल विशेष जपावे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला आणि शेकडो मुलांना इस्पितळात न्यावे लागले. झोपेच्या व चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या मेंदूतला ब्रेक घट्ट करतात. त्या कमी होताना हा ब्रेक सैल पडतो आणि झटके, म्हणजे फिट्स, येण्याचा धोका वाढतो. पडद्यावर लखलखाट सुरू झालाच तर लगेच एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान वळवा. नुसते डोळे मिटले तर पापण्यांतून उजेड आत येतोच.

टीव्हीची जुळणी एकदाच करावी लागते. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर आणा. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ किंवा त्या अर्थाचा पर्याय असतो, तो सुरू केला की कुजबुज आणि स्फोट यांतले अंतर घटते. पुढचा भाग आपोआप सुरू होणे आणि यादीवर थांबताच झलक वाजू लागणे, दोन्ही बंद करा. अचानक कानावर आदळणारा आवाज बहुतेक वेळा तिथूनच येतो. खोलीत काळोख करू नका. टीव्हीच्या मागे मंद दिवा ठेवा आणि शक्य तितके लांब बसा, म्हणजे हलते चित्र नजरेचा थोडाच भाग व्यापते. पडदाही सोसत नसेल त्या दिवशी तो झाकून नुसता आवाज ऐकावा. बंद केल्यावर पंधरा मिनिटांनीही छाती धडधडत असेल तर ते नाव यादीतून खोडा, मग ते कितीही गोड असो.

घरातल्यांना एवढीच विनंती: तुम्ही आधी पाहून घ्या, रिमोट तुमच्या हाती ठेवा आणि नंतर “कसा वाटला?” असे विचारू नका. उत्तर द्यायलाही त्राण लागते.

यातले काहीही उपचार नव्हे. कुणी हे वाचून गोळ्या एकदम बंद करू नयेत. फिट, भ्रम, बोलण्यात असंबद्धपणा, आत्महत्येचे विचार किंवा क्षणभरही बसू न देणारी तगमग दिसली तर टीव्ही राहू द्या आणि ताबडतोब डॉक्टर गाठा.

आपल्या परीक्षकांकडे मागणे लहान आहे. परीक्षणाच्या तळाशी दोन ओळी द्याव्यात: लखलखता प्रकाश आहे का, कॅमेरा हातात धरून हलवलेला आहे का, अचानक मोठा आवाज कुठे येतो, आजारपण, माणसाचा किंवा प्राण्याचा मृत्यू आहे का. शेवट उघड होईल अशी भीती असेल तर प्रसंग सांगू नका, तो साधारण कितव्या मिनिटाला येतो एवढेच छापा. तेवढ्यावर घरातला माणूस तो भाग पुढे ढकलू शकतो.

आपली,
एक वाचक