दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुलं पत्र: माझ्या दादाच्या मनगटासाठी

मंत्री महोदय, नमस्कार.

माझा दादा जन्मापासून बहिरा आहे आणि आता त्याची नजरही जातेय. अशर सिंड्रोम म्हणतात याला, आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, आणि शेवटी नळीतून बघितल्यासारखं समोरचं एवढंसंच उरतं. दादा त्या नळीपर्यंत आलाय. आम्ही त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं गिरवून बोलतो पण त्यासाठी सतत कोणीतरी शेजारी लागतं ना.

मागच्या वर्षी पैसे जमवून सेकंडहँड ॲपल वॉच घेतलं. त्यात वेळ मनगटावर जाणवणाऱ्या हलक्या ठोक्यांनी कळते, लांब ठोका म्हणजे दहा, छोटा म्हणजे एक, म्हणजे १२:३५ ला एक लांब दोन छोटे, जरा थांबून तीन लांब पाच छोटे. ठोके पहिल्यांदा ओळखता आले त्या दिवशी दादा मनगट गालाला लावून बसला आणि मग माझ्या हातावर लिहिलं, १२ ३५. मी मोबाईल बघितला, अगदी बरोबर! तोवर नुसती वेळ विचारायला त्याला आईचा हात शोधावा लागायचा.

साहेब, हे प्रत्येक घराला परवडणारं नाही. सरकारी शिबिरात गेलो तर टेबलावरच्या माणसाने विचारलं, कानाचं मशीन हवंय की पांढरी काठी, एकच काहीतरी सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगतेमध्ये बहिरेपण आणि अंधत्व एकत्र असलेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, मग टेबलावर त्यांच्यासाठी काहीच कसं नाही?

आणि हे काही परदेशातूनच आणायला पाहिजे असं नाही, आयआयटी दिल्लीने बनवलेली स्मार्टकेन ही अंधांसाठीची काठी समोरचा अडथळा अल्ट्रासाउंडने ओळखते आणि तिची मूठ व्हायब्रेट होते, गुडघ्याच्या वर डोक्यापर्यंतचं सुद्धा कळतं. तसंच एक साधं मनगटी यंत्र बनवून घ्या, दाराची बेल, फोन, गजर, घरच्यांची हाक, प्रत्येकाचे ठोके वेगळे. आणि सोबत शिकवणारा माणूसही द्या, कारण ते ठोके ओळखायला आमच्या दादाला दीड महिना लागला, नुसतं यंत्र हातात दिलं असतं तर ते कपाटात पडलं असतं. मुंबईची हेलन केलर संस्था १९७७ पासून अशा मुलांसोबत काम करतेय, शिबिरात द्यायच्या साधनांची यादी ठरवताना त्यांना बोलवा, आणि दादासारख्यांनाही.

पुढचं शिबिर लागलं की मी दादाला परत घेऊन येणार आहे. तेव्हा त्याच्या मनगटाला बांधून बघता येईल असं काहीतरी त्या टेबलावर असू द्या.

आपली,
दादाची धाकटी बहीण