अँटेनाखाली जमिनीत पसरायच्या 32 तारांचे (रेडियलचे) पैसे घेऊन 8 च टाकल्याबद्दल आणि हलकी तार वापरल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या मे महिन्यात आपल्या माणसांनी डिचोलीला आमच्या घरामागच्या भाटात हॅम म्हणजे हौशी रेडिओसाठी 40 मीटर बँडची व्हर्टिकल (उभी) अँटेना बसवली. बिलावर ‘32 रेडियल, शुद्ध तांबे, प्रत्येकी 10 मीटर’ असे स्वच्छ लिहिले आहे. पूर्ण रक्कम मी आगाऊ भरली. जमिनीत मात्र 8 च रेडियल आहेत, तेही सगळे माडांच्या बाजूला.

फोनवर विचारले तर आपले तंत्रज्ञ म्हणाले, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना यांचा रोध किती जुळतो याचे माप; 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 1.1 आहे, म्हणजे काम चोख झाले. हे मला अजिबात मान्य नाही. पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा स्वतःचा रोध साधारण 36 ओहम. माझा अ‍ॅनालायझर फीड पॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे, 55 दाखवतो. वरचे 19 ओहम जमिनीने खाल्लेले आहेत. 100 वॅट सोडले की त्यातले जवळजवळ 35 माती तापवण्यात जातात! स्नेही हॅमकडून तार आणून मी आणखी रेडियल टाकले, तेव्हा रोध 40 वर उतरला, म्हणजे केबलच्या 50 ओहमपासून आणखी दूर गेला, आणि एसडब्ल्यूआर 1.25 झाला. इथे एसडब्ल्यूआर वाढला तो नुकसान घटले म्हणून. अँटेना बसवून देणाऱ्या कंपनीला एवढे ठाऊक असायलाच हवे.

अंगणाच्या बाजूला गडग्यापर्यंत 10 मीटर जागा नाही, म्हणून तिथे काहीच टाकले नाही, हेही कारण पटणारे नाही. जमिनीवरच्या रेडियलची लांबी काटेकोर लागत नाही, पाच-सहा मीटरचेही चालतात. मोजकेच रेडियल असतील तर ते लांब करून फारसे काही साधत नाही, हे ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन या अभियंत्यांनी 1937 सालीच मोजून दाखवले आहे. त्यात आमची जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात दगडासारखी कोरडी. इथे संख्येत काटछाट करून चालतच नाही.

तारेचे प्रकरण मला याहून गंभीर वाटते. पावसाळा सरल्यावर रेडियल जिथे जोडतात त्या प्लेटपाशी पाहिले, तर रेडियलची टोके पांढऱ्या भुकटीने भरलेली होती आणि दोन तर हात लावताच तुटली. सुरीने तार खरवडली, तर तांब्याच्या पातळ थराखाली आत अ‍ॅल्युमिनियम! जांभ्याच्या आम्लधर्मी, ओल्या मातीत अशी तार टिकणार कशी? शुद्ध तांब्याचे पैसे घेऊन ही तार देणे ही सरळ फसवणूक आहे.

पंधरा दिवसांत सर्व 32 रेडियल शुद्ध तांब्याच्या तारेचे, चारही बाजूंना टाकून द्यावेत. मी उपस्थित असताना फीड पॉइंटचा रोध मोजून त्याची लेखी नोंद द्यावी. ते जमणार नसेल तर रेडियलची व मजुरीची पूर्ण रक्कम परत करावी. उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला ग्राहक,
एक परवानाधारक हॅम, डिचोली, गोवा

सोबत : बिलाची प्रत, तुटलेल्या तारेचे फोटो, अ‍ॅनालायझरची दोन्ही मोजमापे