पालेकरांवरून घातलेला उधार वाद

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की अमोल पालेकरांनी या वयात कोर्टकचेऱ्या आणि पदयात्रा कशाला कराव्यात, गोलमालने एवढं नाव दिलंय तर गप घरी बसावं की. तेव्हा मी घाईत होतो म्हणून सोडून दिलं, पण तो वाद उधार ठेवायची माझी इच्छा नाही. तेव्हा आता वाच निवांत.

मुळात तुझी, आणि खरं तर आपल्या सगळ्यांचीच, गडबड त्या दोन-तीन पिक्चरांनी केलीये. रजनीगंधा 1974 चा, मग 1976 ला छोटी सी बात आणि चितचोर, म्हणजे बस स्टॉपवर मुलीकडे चोरून बघणारा, बॉससमोर ततपप होणारा, अगदी आपल्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत असेल असा माणूस. प्रत्यक्षातही बँक ऑफ इंडियात कारकुनी केलेली, त्यामुळे लोकांना वाटलं हा असाच असणार, साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पुढच्याच वर्षी, 1977 ला, त्याच माणसाने भूमिकामधला केशव दळवी केला. तू परत बघ तो. बायकोच्या कमाईवर जगायचं आणि वर तिच्यावरच संशय घ्यायचा, आणि हे सगळं आवाज फारसा न चढवता, त्याच मऊ चेहऱ्याने! हीरो म्हणून चलती असताना हा रोल कुठला शहाणा माणूस घेतो सांग मला.

आणि हे सिनेमाच्या आधीपासूनचं आहे. मुंबईच्या जेजे कलाशाळेतून चित्रकला शिकलेला हा मुलगा नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या तालमीत येऊन अडकला, मग 1972 ला स्वतःची 'अनिकेत' ही नाटकमंडळी काढली, दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांच्या चळवळीच्या त्या दिवसांत बंगाली नाटककार बादल सरकारांचं जुलूस मराठीत आणलं. महेश एलकुंचवारांचं वासनाकांड हे नाटक बसवलं तेव्हा परिनिरीक्षण मंडळाशी, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉर बोर्डाशी, भांडण झालं, विषयच असा होता की मंडळ बिचकणारच. सत्तरच्या दशकातली गोष्ट ही. आता पुढे ऐक, 2016 ला हेच गृहस्थ मुंबई हायकोर्टात गेले, की नाटकाचा प्रयोग करायच्या आधी संहिता मंडळाकडे नेऊन सर्टिफिकेट घ्यायचं हा नियमच रद्द करा म्हणून. पुढच्या वर्षी सिनेमाच्या सेन्सॉरवरून सुप्रीम कोर्टात. मधे चाळीसेक वर्षं गेली पण तक्रार तीच, नाटकाचं बोर्डही तेच! म्हातारपणीचा छंद म्हणतोस याला?

ते स्वतःबद्दल सांगतात ना, शिक्षणाने चित्रकार, अपघाताने नट, नाइलाजाने निर्माता आणि आवडीने दिग्दर्शक. त्यातल्या आवडीने या शब्दाकडे लोक बघत नाहीत. 1981 ला पहिलाच सिनेमा केला आक्रीत, मराठवाड्यातल्या मानवतच्या हत्याकांडावरून, आणि त्यातला वाईट माणूसही स्वतःच रंगवला. मग व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी, जी. ए. कुलकर्णींची कैरी. दायरा 1996 चा, त्यात निर्मल पांडे बाईच्या वेशात फिरणारा आणि सोनाली कुलकर्णी पुरुषाच्या कपड्यात, फ्रान्समधल्या एका महोत्सवात निर्मल पांडेला चक्क बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचं बक्षीस दिलं. आजही हा विषय काढताना लोक दहा वेळा विचार करतात रे, तेव्हा तर विचारूच नको.

पण मला विचारशील तर सगळ्यात भारी ध्यासपर्व, 2001 चा. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे आपल्या महर्षी कर्व्यांचा मुलगा, विल्सन कॉलेजात गणिताचा प्रोफेसर, संततीनियमनावर उघड बोलतो म्हणून नोकरी गेली, तरी 1927 पासून 1953 ला मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत राहिला. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, त्यातल्या एका खटल्यात तर बाबासाहेब आंबेडकर त्याचे वकील होते. सिनेमात किशोर कदम रघुनाथ आणि सीमा बिस्वास त्याची बायको मालती. मला तर वाटतं पालेकरांना कर्वे सापडले ते उगाच नाही, शांत आवाजात हट्ट करणारी माणसं एकमेकांना बरोब्बर ओळखतात.

सगळंच ग्रेट आहे असंही नाही हां. पहेली 2005 चा, ऑस्करला वगैरे पाठवला आपण, पण मला तो फार सजवलेला वाटतो, विजयदान देथांच्या गोष्टीतली धग त्या रंगीबेरंगी लेहेंग्यांत कुठेतरी विझली. नंतरचे काही सिनेमेही डोक्याला पटतात, मनाला चिकटत नाहीत. यावर तू भांड, मी फार विरोध करणार नाही.

आता तो 2019 चा फेब्रुवारीतला व्हिडिओ, मुंबईच्या एनजीएमएमधला, म्हणजे सरकारी आधुनिक कलादालनातला. प्रभाकर बरव्यांच्या चित्रांचं प्रदर्शन, हे पाहुणे. बोलता बोलता त्यांनी विषय काढला की इथली स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती बरखास्त झालीये आणि आता कुठलं प्रदर्शन लावायचं ते दिल्लीहून ठरणार. लगेच स्टेजवरून टोकाटोकी सुरू, बरव्यांबद्दलच बोला म्हणून. बघ त्यांच्याकडे त्या वेळी, चिडत नाहीत, हातवारे नाहीत, मी बोलायचं थांबवावं असं तुम्हाला म्हणायचंय का एवढंच विचारतात, आणि यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगलांना आधी बोलावून मग नको म्हटलं त्याची आठवण करून देतात. शेवटी भाषण आवरतं घ्यावं लागलं. मला त्या स्टेजवरच्या लोकांपेक्षा समोर बसलेल्यांचा जास्त राग आला, एवढे चित्रकार-बित्रकार असतील तिथे, पण त्या क्लिपमध्ये तरी कुणी उठून बोलू द्या त्यांना म्हणताना दिसत नाही.

2022 ला काँग्रेसच्या भारत जोडो यात्रेत बुलढाण्याला चालले ते तुला खटकलं, ठीक आहे, तुझं राजकारण वेगळं, माझंही त्या पक्षावर काही प्रेम नाही. पण नाटकाच्या सेन्सॉरचा नियम पक्षाचा नाही ना, सरकारं आली गेली तरी नियम जागेवरच होता. तुझा भाचा एकांकिका करतो ना कॉलेजात, त्याला विचार संहिता पास करून घ्यायला काय काय करावं लागतं.

ध्यासपर्व मिळाला तर बघ, मग फोन कर, पण रात्री नऊनंतर, त्याआधी मी ट्रेनमध्ये असतो आणि रेंज नसते. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या