योतुनवरून पुन्हा एकदा

प्रिय शऱ्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळे ठीक, खोकला तेवढा चालू आहे.

तुझ्या दिवाळी अंकाच्या लेखाचा खर्डा वाचला. बाकी सगळं झकास, पण योतुन या नॉर्स पुराणकथांतल्या राक्षसांबद्दलच्या ‘योतुन म्हणजे खादाड’ या एका वाक्याने मला झोप लागू दिली नाही. जर्मानिक राक्षसांची व्युत्पत्ती इतक्या ठामपणे सांगता येत नाही रे.

निम्मं गणित चोख आहे, ते मान्य. जुन्या नॉर्सचा ‘योतुन’ आणि जुन्या इंग्रजीचा ‘एओतेन’ हे दोन्ही भाषांच्या आदिजर्मानिक पूर्वजातल्या ‘एतुनाझ’वरून आले. पुढे ‘उ’ असला की नॉर्समध्ये आधीचा ‘ए’ फुटून ‘यो’ होतो. ताळा हवा तर रानडुकराचा शब्द घे: मूळ ‘एबुराझ’, नॉर्स ‘योफुर’ (तिथे अर्थ सरकून राजा झाला), जुनी इंग्रजी ‘एओफोर’. साचा तोच. आणि ‘एत-’ म्हणजे आपला अद्, ज्यातून अन्न आलं. दशचं टेन होतं तसा तिकडे द चा त झाला.

घोडं अडतं ते ‘-उना’ या शेपटाशी. ‘खाणारा’ असं नाम करायला हा नेहमीचा प्रत्यय नाही. खादाडासाठी जुन्या इंग्रजीत ‘एतोल’ हा सरळ शब्द आहे, त्यात ‘ल’ आहे. ‘न’ असलेलं भूतकाळवाचक रूप धरलंस तर अर्थ होईल ‘खाल्लेला’, म्हणजे राक्षसच ताटात! धातू जुळला म्हणून शब्द सुटला असं होत नाही, हे तू मला ‘राक्षस’ आणि रक्ष् वरून भांडताना बजावलं होतंस. उत्तरकांडात प्रजापतीने निर्माण केलेले भुकेले जीव ‘रक्षामः’ म्हणाले म्हणून राक्षस झाले, ही गोष्ट मी पुढे केली तेव्हा तू किती चिडला होतास! आता तोच नियम स्वतःला लाव.

शिवाय कथा काय सांगतात? ‘थ्रिम्सक्विदा’ या जुन्या नॉर्स काव्यात नवरीच्या वेशात बसून एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करतो तो राक्षसांचा वैरी असलेला थोर देव, आणि राक्षसांचा राजा थ्रिम अवाक होऊन बघतो. ‘हिमिस्क्विदा’ या दुसऱ्या काव्यातही हिमिर या राक्षसाचे दोन बैल एकटा थोरच खातो. मग खादाड कोण?

तरी तुझ्या बाजूचं सांगतो, कारण ते खरं आहे. गरुडाच्या रूपातल्या एका योतुनाचं नाव ह्रेस्वेल्ग, म्हणजे प्रेत गिळणारा. आणि आपल्या ऋग्वेदात अत्रिन् म्हणजे गिळंकृत करणारा, अद् वरूनच. ‘विश्वं समत्रिणं दह’ असं अग्नीला विनवलंय. भक्षण करणारा म्हणून अमानुषाला नाव मिळणं इंडो-युरोपीय घरात नवं नाही. माझं मत विचारशील तर ‘खादाड’ खोडून ‘बहुधा भक्षक’ लिही, आणि प्रत्ययाची अडचण एका ओळीत सांग. वाचक तेवढं पचवतो.

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याचा उताराही जपून वापर. ११२व्या ओळीत ‘एओतेनास’ म्हणजे राक्षस, यात शंका नाही. पण फिन राजाच्या प्रसंगात ‘एओतेना’ येतं तिथे पाय घसरतो. ज्यूट या जर्मानिक जमातीच्या नावाचं षष्ठीचं बहुवचनही असंच लिहिलं जातं, आणि हस्तलिखितात विशेषनामाला मोठं अक्षर नाही की स्वर दीर्घ असल्याची खूण नाही. ११४५व्या ओळीत तर ‘एओतेनुम’ हे चतुर्थीचं रूप आहे. ज्यूटांसाठी ‘एओतुम’ हवं होतं, म्हणून काहीजण राक्षस धरतात, तर काहीजण लेखनिकाची गफलत मानतात. मला ज्यूटच पटतात, कारण तो सगळा प्रसंग माणसांच्या वैराचा आणि शपथांचा आहे. तू मात्र तिथला दाखला राक्षसांच्या बाजूने मांडू नकोस, मूळ प्रश्नच सुटलेला नाही.

बदलीचं काय झालं? चिऊचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. दुरुस्त खर्डा छापायला द्यायच्या आधी मला पाठव.

तुझा,
विन्या